मागच्या भिंतीचं एस्टिमेट

काँट्रॅक्टर नऊला येणार होता तो पावणेनऊलाच फाटकाशी उभा राहिला, आणि आई तिथंच त्याच्यावर खूश झाली. अप्पा गेल्यापासून या घरात वेळेच्या आधी येणारा हा पहिलाच माणूस. थोरली अक्का आदल्या दिवशी दुपारी गाडीतून उतरली ती वेळापत्रकापेक्षा दोन तास उशिरा, आणि मधला भाऊ तर याच घरात राहतो तरी जेवायला तिसऱ्या हाकेला येतो.

काँट्रॅक्टर पन्नाशीचा, किडकिडीत माणूस होता. खिशाला टेप, कानावर पेन्सिल, हातात छापील फॉर्मचं पुस्तक. पायऱ्या चढण्याआधी चार पावलं मागं जाऊन त्यानं घराकडे मान वर करून नीट पाहून घेतलं. अक्काला ते फार आवडलं. फोनवर तिनं याला सगळं सांगितलं होतं: बाहेरचा गिलावा, पन्हळी, खिडक्यांच्या झडपा, रंग. चारही बाजू. बघून एस्टिमेट द्या, घाई नाही, पण पावसाळ्याआधी काम उरकायला हवं, कारण आईच्या खोलीतली ओल आता पलंगाच्या उशापर्यंत आलीय आणि आईचा खोकला काही केल्या हटत नाहीये.

"आत या, चहा घ्या," आई म्हणाली, आणि त्याच्या हातात चार घड्या घातलेला एक कागद ठेवला. "काय काय करायचंय ते लिहून ठेवलंय. म्हणजे बोलताना घोळ नको."

त्यानं कागद उलगडला. वाचला. पुन्हा वाचला.

"आजी, यात तीनच बाजू आहेत. पुढची, उगवतीची, मावळतीची."

"हो."

"घराला बाजू चार असतात."

"घराला चारच आहेत. काम तीन बाजूंचं आहे," आई शांतपणे म्हणाली आणि साखर ढवळायला लागली.

अक्कानं कपाळाला हात लावला. रात्रभर आपण शेजारच्याच पलंगावर होतो, या बाईनं हा कागद लिहिला कधी?

"आई, मी यांना चारही बाजूंचं सांगितलंय."

"तू सांगितलंस. घर माझं आहे."

"अहो, तुम्ही आधी बाहेरून मापं घ्यायला सुरुवात करा," मधल्याच्या बायकोनं काँट्रॅक्टरला चहाच्या कपासकट अलगद बाहेर काढलं. सासरी वीस वर्षं काढलेली बाई. वारा कुठून सुटतोय हे तिला दार वाजायच्या आधी कळतं.

*

या घराच्या भिंती वाटून दिलेल्या होत्या. जमीनजुमला वाटतात तशा नव्हे, अभ्यास वाटून देतात तशा. अप्पा सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. दर चार वर्षांनी ते आठ दिवसांची रजा टाकत, आणि घराला रंग लागायचा तो घरच्यांच्याच हातानं. दर्शनी भिंत अप्पांची. उगवतीची अक्काची, कारण ती पहाटे उठायची. मावळतीची मधल्याची, कारण तो उठायचाच नाही. मागची धाकट्याची. पहिल्यांदा ब्रश हातात आला तेव्हा तो होता सात वर्षांचा, आणि मागच्या बोळात काय ओघळ पाडायचेत ते पाडू देत, बघायला येतंय कोण, असा अप्पांचा हिशेब होता.

त्या आठ दिवसांची मजा अक्काला अजून नाकात जाणवायची. तेलकट, गोडूस असा तो वास. दुपारचं जेवण पायरीवर बसून, हात नीट धुतलेले नसायचे म्हणून आई प्रत्येकाच्या तोंडात घास घालायची. लग्नानंतर रंगाच्या दिवसांत माहेरी यायची तेव्हाही अक्कानं ते घास तसेच खाल्ले होते. मधला भिंतीपेक्षा जमीन जास्त रंगवायचा. धाकटा शिडीवरून गायचा, आणि खोटं कशाला बोला, फार वाईट गायचा. संध्याकाळी अप्पा चष्मा पुसत तपासणीला निघत. नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात जशी चौकट असते, तशीच तळहाताएवढी चौकट त्यांनी प्रत्येक भिंतीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आखलेली असायची. रंगवणार. तपासणार. शेरा. तारीख. रंगवणाऱ्यानं आपलं नाव स्वतः लिहायचं. तपासणार कायम अप्पा. आणि शेरा? इतक्या वर्षांत "चालेल"च्या वर कोणाला काही मिळालं नव्हतं. अक्काला एकदा मिळाला होता "कडा वाकड्या, पण चालेल", तो तिनं सासरीसुद्धा चार जणांना सांगितला होता.

अठरा वर्षांपूर्वीच्या त्या रंगाच्या पाचव्या दिवशी धाकट्याला पत्र आलं. बोटीवर नोकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर हजर व्हायचं तर संध्याकाळी चारची गाडी गाठायला हवी. अर्ज कधी केला, मुलाखत कधी दिली, कोणाला पत्ता नव्हता. अप्पा बोळात उभे. धाकटा शिडीवरून उतरलेला, भिंतीचा वरचा अर्धा ओला, खालचा कोरडा.

"भिंत पुरी कर, मग जा," अप्पा म्हणाले होते.

"भिंत काय पळून जातेय, अप्पा? गाडी जाईल."

"अर्धी टाकून जाणार असशील तर परत येऊन पुरी करेपर्यंत इथं दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही. माझाही नाही."

आणि तो गेला. अर्ध्या तासात. हातांना रंग तसाच. त्यानंतर अप्पांनी त्याचं नाव घेतलं नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या भिंतीच्या पायथ्याशी एक वेल लावली, ती फोफावून दीड पुरुष उंच चढली. लाज झाकायला लावलीय, असं सगळ्यांनी धरलं. बोळात जायचं कोणाला काही कारणच उरलं नाही.

अप्पा गेले तेव्हा धाकटा तिसऱ्या दिवशी पोचला. दोन दिवस पुढच्या पायरीवर बसून राहिला आणि मागं न जाताच परत गेला. त्यालाही आता सात वर्षं झाली. फोन तेवढा येतो, दर रविवारी.

*

काँट्रॅक्टर उगवतीच्या बाजूला टेप धरून होता. अक्का मदतीला म्हणून गेली. खरं तर तिला स्वयंपाकघरातून सटकायचं होतं. तो कोपऱ्यात वाकला आणि थबकला.

"हे काय आहे ताई? रंगवणार, तपासणार..."

"ते राहू द्या. त्यावर रंग द्यायचा नाही. लिहून घ्या."

त्यानं खरंच लिहून घेतलं. मग भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केली, एका जागी पातीनं पापुद्रा उचलून पाहिला आणि मान हलवली. "हौशी हात आहे, पण घासून केलेलं आहे. घाईत नाही केलेलं."

बावन्नाव्या वर्षी, दोन मुलांची लग्नं लावून मोकळी झालेली अक्का शाबासकी मिळालेल्या शाळकरी पोरीसारखी लाजली.

"पण तुमचं दुखणं इथं नाही," तो म्हणाला. "पाणी येतंय मागून. मागची भिंत बघितल्याशिवाय मी एस्टिमेट देणार नाही. तीन बाजू चकाचक करायच्या आणि चौथीतून पाणी घरात घ्यायचं, मग माझ्याच नावानं बोंब. आजींना तेवढं समजावा."

आजींना समजावणं म्हणजे काय असतं हे त्याला कुठून माहीत असणार!

स्वयंपाकघरात आई शेंगा सोलत बसली होती. मधला दाराला टेकून उभा. अक्कानं काँट्रॅक्टरचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"मग दुसरा बघू," आई म्हणाली.

"दुसराही हेच सांगेल. आई, तुझ्या उशाशी बुरशी आलीय."

"पलंग सरकवू."

"किती सरकवशील? पुढच्या वर्षी दारात झोपशील."

"आई म्हणतेय तर राहू दे ना," मधला मध्येच म्हणाला, आणि अक्का चाटच पडली. काल संध्याकाळी हाच चारही बाजू करून टाकू म्हणून तिच्या बाजूनं उभा होता. "अप्पांचा शब्द होता. एकच तर भिंत आहे."

"तू बोलू नकोस," त्याची बायको म्हणाली. "खोकल्याची उबळ आली की उठून पाणी कोण देतं? मी. तो शब्द उठतो का?"

मधला खिडकीकडे वळला. बाजू अशा पडल्या: एकीकडे आई आणि मधला, दुसरीकडे नणंद-भावजय. अप्पा असते तर त्यांनी याचाही नकाशा काढला असता.

"आई," अक्का खाली बसली. आवाज शक्य तितका मऊ केला, तरी जे बोलायचं होतं ते मऊ नव्हतंच. "दर रविवारी तो फोन करतो. तू त्याला जेवलास का विचारतेस, तब्येत विचारतेस, आणि ठेवताना म्हणतेस, तुझी भिंत राहिलीय रे. दर रविवारी. मी ऐकलंय. एक्केचाळीस वर्षांचा झाला तो. अठरा वर्षं तू त्याला दर आठवड्याला आठवण करून देतेस की अप्पांचं न ऐकता तू गेलास. कसा येईल तो?"

आईचे हात थांबले.

"मग काय सांगू?" ती म्हणाली. "काय आहे त्याचं इथं? अप्पा नाहीत. त्याची खोली तुम्ही कपाटांनी भरलीत. आहे ती एक भिंत. ती राहिलीय म्हणून तो येईल, आज ना उद्या येईल, असं मी धरून बसलेय. तो काँट्रॅक्टर दोन दिवसांत ती गुळगुळीत करील. मग त्यानं कशासाठी यायचं? माझा खोकला ऐकायला?"

 अक्काला एकदम रडू आलं, आणि रागही आला, कारण आईचं चुकत होतं आणि तरी तिचं खरं होतं. मधला खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्या बायकोनं पुढं होऊन आईच्या हातातली शेंग हळूच काढून घेतली आणि स्वतः सोलायला लागली. तिनंही आता बाजू सोडली होती.

दारात काँट्रॅक्टर घसा खाकरत उभा होता. त्यानं किती ऐकलं होतं देव जाणे.

"आजी, हात लावायचा नाही हे कळलं मला," तो म्हणाला. "पण बघायला तर बंदी नाही ना? नुसती वेल बाजूला करून बघतो. काठीनं."

आईनं मांडीवरची सालं झटकली. "बघा," ती म्हणाली. "नुसतं बघा."

*

पाच मिनिटांनी बोळातून हाक आली. "ताई! जरा इकडे या. सगळेच या."

सगळे गेले. आईसुद्धा, मधल्याच्या बायकोचा हात धरून. बोळ इतका अरुंद की एकामागे एक उभं राहावं लागलं. काँट्रॅक्टरनं वेलीचा जाडजूड पडदा काठीवर तोलून धरला होता.

"मला सांगा," तो म्हणाला, "ही भिंत कोणीच रंगवली नाही असं म्हणता ना?"

"वरची अर्धी माझ्या भावानं, अठरा वर्षांपूर्वी. खालची अर्धी तशीच राहिली," अक्का म्हणाली.

"उलटं आहे. वरचा अर्धा उघडा पडलाय, पन्हळ फुटलीय, तिथूनच तुमचं पाणी. पण खालचा अर्धा ठणठणीत आहे. हे बघा, कड निघालीय तिथं जुन्या रंगावरचे नवे थर दिसतात. एक, दोन, तीन. तीन वेळा रंग लागलाय. आणि एवढ्याच उंचीपर्यंत." त्यानं आपला हात ताणून वर नेला, बोटांची टोकं रंगाच्या रेषेला टेकली. "शिडी न लावता जितका हात पुरतो तितकंच. वरची रेघ बघा, दोरी लावून मारल्यासारखी. हा माणूस साधा रंगारी नव्हे."

 दोरी लावून रेघ मारणारा माणूस या घरात एकच होता. धाकटा गेला त्याच वर्षी अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी शिडी बंद केली, तेव्हापासून दर्शनी भिंतीचा वरचा भागसुद्धा मधलाच रंगवायचा.

"एक डबा जास्त," मधला एकदम म्हणाला.  "दर वेळी अप्पा एक डबा जास्त आणायला लावायचे. मी म्हणायचो, अप्पा, तुमचं गणित चुकतंय, तीन भिंतींना एवढा रंग लागत नाही. तर म्हणायचे, भिंती पितात रे. मी हसायचो त्यांना. अक्का, मी हसायचो."

"आणि मी तुझ्याकडे असायची," आई अक्काकडे वळून म्हणाली. तिचा चेहरा ओळखू येईना. "रंगाच्या वासानं मला खोकला यायचा, म्हणून काम झालं की हे मला पंधरा दिवस तुझ्याकडे पाठवायचे, सोबतीला सूनबाईला; हा दिवसभर कामावर. तिन्ही वेळा. स्वतः डबा उघडून मला वास दाखवायचे, बघ, कसा घशाला लागतो. मला वाटायचं, किती काळजी घेतात!"

आणि ती हसली. अठरा वर्षं आपल्याला फसवलं गेलं हे कळल्यावर इतकं सुखानं हसणारी बाई काँट्रॅक्टरनं आयुष्यात पाहिली नसेल.

अक्का खाली वाकली होती. उजवा कोपरा. वेलीचं खोड तिथं जाडजूड झालं होतं, तिनं ते दोन्ही हातांनी बाजूला ओढलं, बांगड्या खरचटल्या. चौकट होती. पेन्सिल तीनदा गिरवलेली, अक्षर अप्पांचं, छापल्यासारखं. तिसऱ्या तारखेशी मात्र थोडं थरथरलेलं.

"वाच," आई म्हणाली.

"रंगवणार," अक्कानं वाचलं, आणि पुढं अप्पांचं नाव होतं, पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. मुलांनी लिहावं अशी पद्धत होती तसंच.

"पुढे."

"तपासणार." अक्काला पुढचं दिसेना. पदरानं डोळे पुसून तिनं पुन्हा पाहिलं. "तपासणार म्हणून धाकट्याचं नाव आहे, आई. समोर सहीसाठी रेघ मारून ठेवलीय. सही नाही. शेरा पण कोरा आहे."

 काँट्रॅक्टरचा हात भरून आला असणार, पण त्यानं वेल सोडली नाही.

*

फोन नेहमी धाकट्याचा यायचा. घरातून कोणी त्याला फोन करत नसे, आणि आज रविवारही नव्हता. नंबर स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागं भिंतीवर लिहिलेला होता, तोही अप्पांच्या अक्षरात, हे त्या दिवशीच अक्काच्या लक्षात आलं.

पहिल्याच रिंगला त्यानं उचलला. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"मी बरी आहे," आई म्हणाली. तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता, आणि त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "ऐक. तुझी भिंत राहिलेली नाही."

 पलीकडून फार हळू, "दिलीत का कोणाला रंगवायला?"

"अप्पांनी पुरी केलीय. तू गेलास त्याच वर्षी. आणि नंतर दोनदा. मला आज कळलं."

 कुठंतरी यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"चौकटीत रंगवणार म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलंय. तपासणार म्हणून तुझं. सहीची जागा सोडलीय." आईला खोकला आला, तिनं तो गिळला. "मी तुला उगाच इतकी वर्षं टोचत राहिले रे. तुझं काही राहिलेलं नाही इथं. त्यांचंच राहिलंय."

 मधल्यानं पुढं होऊन फोन घ्यायला हात केला, तर अक्कानं त्याचा हात धरून ठेवला.

"शेरा?" शेवटी धाकट्यानं विचारलं. आवाज त्याचा नव्हताच, सात वर्षांच्या कोणाचा तरी होता. "शेरा काय लिहिलाय?"

"कोरा ठेवलाय."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला, किंवा तसला काहीतरी.

"काँट्रॅक्टर आहे का तिथं?"

आईनं फोन काँट्रॅक्टरसमोर धरला. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, फॉर्म गुडघ्यावर ठेवला.

"बोला साहेब."

"वरचा अर्धा तुमच्याकडे. पन्हळ, गिलावा, जे काय लागेल ते सगळं लिहा. चारही बाजूंचं एस्टिमेट द्या." धाकटा म्हणाला. "पण मागच्या भिंतीच्या खालच्या अर्ध्याला कोणी हात लावायचा नाही. मी येऊन तपासेपर्यंत."

"कधी येताय, तेवढं सांगा. काम त्याप्रमाणे लावतो."

त्यानं तारीख सांगितली. काँट्रॅक्टरनं ती फॉर्मवर लिहिली, खाली रेघ मारली आणि कागद आईच्या हातात दिला. आईनं चष्मा लावून ती तारीख वाचली, पुन्हा वाचली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चालेल."